अपार्टमेंटमधली माणसं एकत्र आणायची कशी? आमच्या २४ फ्लॅटचा अनुभव

आमचं अपार्टमेंट कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला, खाली पार्किंग आणि वर सहा मजले, एका मजल्यावर चार म्हणजे एकूण २४ फ्लॅट. २०१५ ला राहायला आलो, आणि पहिली तीन वर्षं लिफ्टमध्ये गाठ पडली की "काय, जेवलासा काय?" एवढंच बोलणं, त्याच्या पुढं काही नाही. समोरच्या घरात कोण आजारी आहे हे आम्हाला ॲम्ब्युलन्स आल्यावर कळलं होतं, आणि ती गोष्ट मला लई लागली. मी पेठेत वाढलेला माणूस, तिथं तालमीत काय चाललंय ते गल्लीतल्या लहान पोराला पण माहिती असतं. मग २०१८ पासून आम्ही चार-पाच जणांनी मिळून हळूहळू सुरुवात केली. त्यात काय जमलं, काय फसलं आणि काय कसं करायचं ते सगळं इथं लिहितोय, कारण हल्ली कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, उजळाईवाडी सगळीकडं बिल्डिंगा उभ्या राहायल्यात आणि ओळखीतले बरेच जण विचारतात की आमच्यात कोण खालीच उतरत नाही, काय करायचं.

माझं एकच म्हणणं आहे आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. माणसं कार्यक्रम बघायला येत नाहीत, आपल्या वाटणीचं काम असेल तर येतात. "सर्वांनी उपस्थित राहावे" असा मेसेज टाकला तर २४ पैकी सहा घरं येतील, आणि "काकू, तुमच्याकडची मोठी पातेली पाहिजे आणि वेलदोडं तुम्हीच कुटून द्यायचं" म्हटलं की काकू येतात, काकूंचा मुलगा पातेली उचलायला येतो, आणि सून बघायला येते की वेलदोडा नीट पडला का.

पहिली पायरी: वही घेऊन घरोघरी फिरायचं

मीटिंग नको, ग्रुपवर पोल तर अजिबातच नको. एक शंभर पानी वही घ्या आणि दोघं जण फिरा, शक्यतो त्यात एक बाईमाणूस असावं म्हणजे घरातल्या बायका मोकळ्या बोलतात. वेळ रविवारी सकाळी अकराच्या पुढं नाहीतर इतर दिवशी संध्याकाळी सात-साडेसातला. एका दिवसात सगळी घरं होत नाहीत, आम्हाला तीन रविवार लागले, कारण प्रत्येक घरात चहा होतो आणि तो प्यायचाच, नाही म्हणायचं नाही, निम्मं काम त्या चहातच होतंय.

आणि "कुठला कार्यक्रम ठेवूया?" हे विचारायचं नाही, २४ घरांची २४ उत्तरं येतील आणि २३ घरं नाराज होतील. त्याच्याऐवजी तीन गोष्टी विचारून वहीत लिहायच्या. घरात कोण कोण आहे आणि कोण कधी घरी असतं. तुम्हाला काय करायला आवडतं किंवा जमतं, म्हणजे रांगोळी, स्वयंपाक, लाईटीचं काम, हिशेब, पोरांना शिकवणं, गाडी चालवणं, काहीही. आणि घरात कुणाला काही त्रास आहे का, म्हणजे म्हातारं माणूस, रात्री आवाज सहन न होणारं, तान्हं बाळ, कायमची औषधं. ही तिसरी गोष्ट लिहून घेताना सांगायचं की हे वहीतच राहील, ग्रुपवर जाणार नाही, आणि खरंच तसंच ठेवायचं.

भाडेकरूंच्या घरी पण जायचंच. आमच्यात त्यावेळी सात फ्लॅट भाड्यानं होते, त्यातल्या एकात हॉस्पिटलात काम करणाऱ्या तीन नर्स मुली, एकात कॉलेजची पोरं. काही मालक म्हणाले त्यांना कशाला विचारायचं, ते काय आज हायत उद्या नाहीत. पण रोज जिना चढणारी माणसं तीच आहेत की. पुढं त्या मुलींनीच बिल्डिंगमधल्या आज्ज्यांचं बीपी बघायचा पहिल्या रविवारचा नेम धरला, आणि त्यातली एक लग्न होऊन गेली तेव्हा अर्धी बिल्डिंग निरोपाला खाली आली होती.

पहिल्या मजल्यावर एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका राहायचे. कधी मीटिंगला नाहीत, कुणाशी बोलणं नाही, गॅलरीत उभं राहून गाड्या बघायचे. आम्ही वही घेऊन गेलो तर म्हणाले, "मला काय येतंय ओ, मी आपला गाडी मारलेला माणूस." आम्ही लिहिलं, गाड्या. एका कार्यक्रमाला पार्किंग रिकामं करायचं होतं, म्हटलं काका हे तुमच्याकडं. त्यांनी आदल्या दिवशी खडूनं फरशीवर आखून कुठली गाडी कुठं लावायची ते ठरवलं, २४ घरांच्या गाड्यांच्या चाव्या कुणाकडं असतात त्याची यादी केली, आणि त्या रात्री गेटजवळ शिट्टी घेऊन उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

दुसरी पायरी: पैशाचा हिशेब आणि नियम

हा भाग थोडक्यात सांगतो पण सोडू नका. आधी आपली बिल्डिंग कशाखाली येते ते बघा. सहकारी संस्था असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा, आणि डीड ऑफ डिक्लरेशन (घोषणापत्र) झालेलं अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा, म्हणजे तुमची असोसिएशन. संस्था असेल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि त्याची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. याच सभेत एक साधा ठराव करून घ्या की वर्षात अमुक एवढे कार्यक्रम होतील आणि त्याला मेंटेनन्समधून किती खर्च चालेल. आम्ही ठराव केलाय की मेंटेनन्समधून फक्त लाईट, पाणी आणि साफसफाई, बाकी सगळं वर्गणीतून. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, तो बिल्डिंगच्या मोठ्या कामासाठी असतोय, सणासाठी नाही.

वर्गणी ऐच्छिक ठेवायची. सणाला घरटी आणि जेवणाला माणशी, असं आम्ही ठेवलंय, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण एकट्या राहणाऱ्या आजींकडून सहा जणांच्या घराएवढे जेवणाचे पैसे घेणं काय बरं दिसत नाही. कुणी नाही दिली तर त्याचं नाव कुठंही लावायचं नाही आणि त्याला बोलवायचं मात्र नक्की.

आता फसलेलं सांगतो. आमच्या पहिल्या गणपतीला हिशेब माझ्याकडं होता आणि मी तो दहा दिवसांनी मांडला, त्यात फुलवाल्याचं ३०० रुपयाचं बिल सापडेना. पैसे मी खिशातून भरले, पण तोपर्यंत जिन्यात बोलणं सुरू झालं होतं आणि ते मिटायला वर्ष गेलं. तेव्हापासून नियम असा की कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत हिशेबाचा कागद लिफ्टशेजारी चिकटलेला पाहिजे, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि बिलांचे फोटो ग्रुपवर. पैसे घेणारा एक आणि खर्च करणारा दुसरा ठेवायचा, दोन्ही एकाच माणसाकडं कधीच नको, मग तो कितीही सज्जन असू दे.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप करा. एकात फक्त सूचना, तिथं ॲडमिनशिवाय कुणी लिहायचं नाही. दुसरा गप्पांचा, गुड मॉर्निंग आणि फुलांचे फोटो तिकडं. आणि महत्त्वाचं काही असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टजवळ लावायचंच, कारण आमच्यातले निम्मे ज्येष्ठ ग्रुप बघतच नाहीत.

तिसरी पायरी: सुरुवात कोजागिरीपासून

पहिलाच कार्यक्रम गणपतीचा धरू नका. त्याला दिवस जास्त, खर्च जास्त, मानापमान जास्त. कोजागिरी एका रात्रीची, खर्च कमी, शाकाहारी-मांसाहारी प्रश्न नाही, आणि दूध आटेपर्यंत दीड-दोन तास माणसं पातेल्याभोवती उभी राहतात आणि उभी राहिली की बोलतातच.

आमचा ७० माणसांचा अंदाज सांगतो. म्हशीचं दूध १६ लिटर. आटून साधारण साडेबारा लिटर राहतंय, म्हणजे माणशी एक बरा ग्लास. साखर सव्वा ते दीड किलो, पण आधी सव्वाच घाला आणि चाखून बघा. चारोळी, काजू, बदाम, पिस्ते मिळून अर्धा किलोच्या आत, वेलदोडा, जायफळ, केशर चिमूटभर. घरटी १०० रुपये म्हणजे २४०० जमा, दुधाला लिटरला ७५ धरले तर १२००, साखर आणि सुका मेवा मिळून सव्वासहाशेच्या आसपास, आणि उरलेल्या साडेपाचशे-पावणेसहाशेत भडंग, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणून भेळ. ग्लास प्रत्येकानं घरातनं आणायचा, स्टीलचा, नाव कोरलेला असेल तर उत्तम. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या ग्लास, ताटं, चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि नसती तरी घरच्या ग्लासाचं दूध वेगळंच लागतं.

दूध कुठनं आणायचं तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळतं, पोरांना तिकडं घेऊन गेलो तर त्यांना लई भारी वाटलं, ग्लासात फेस भरून तिथंच प्यायली. पण १६ लिटर एकदम पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर नेहमीच्या गवळ्याला सांगा. काहीच नाही जमलं तर गोकुळच्या पिशव्या आहेतच.

दूध तापवायची रीत नीट लक्षात ठेवा, कारण पहिल्या वर्षी आमचं दूध खाली लागलं. सगळे गाण्याच्या भेंड्यात रंगलेले, ढवळणारा पोरगा पण तिकडं गेला, आणि पाच मिनिटांत करपट वास सगळ्या टेरेसवर. १६ लिटर दूध, केशर घातलेलं. दोन काकूंनी वरचं वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात हळू ओतून घेतलं, खालचं खरवडलं नाही म्हणून निम्म्याच्या वर वाचलं, तरी वास राहिलाच आणि सगळ्यांनी गपचूप प्यायलं. तेव्हापासून आम्ही जाड बुडाचं पातेलं घेतो, आधी त्यात वाटीभर पाणी फिरवतो आणि मग दूध ओततो, तळाशी एक स्टीलची वाटी उपडी ठेवतो, आच मध्यम, आणि लाकडी मुठीचा लांब उलथना घेऊन मजल्याप्रमाणं पाळ्या, एका मजल्याकडं १५ मिनिटं, सहा मजल्यांचा दीड तास होतो. पाळीवर असलेल्यानं उलथना दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय हलायचं नाही. आणि बघा, या पाळ्यांमुळं सहाच्या सहा मजल्यांवरची माणसं वर आली, कधी न आलेली पण, कारण पाळी चुकवली तर मजल्याचं नाव जाणार.

आवाजाचं पण पक्कं करा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमात तसं आहे. सणातल्या ठराविक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते पण ती वर्षात १५ दिवसांच्या वर नसते आणि कुठले दिवस ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. कोजागिरीला स्पीकर लागतोच कशाला, भेंड्या तोंडानं होतात. टेरेसला पोरांसाठी एक मोठं माणूस कठड्याकडं उभं ठेवायचं, हे काम ठरवून द्यायचं, "सगळेच बघतील" म्हटलं की कुणीच बघत नाही.

दुधाचा पहिला ग्लास चंद्राला दाखवला की पुढचे दोन वॉचमन काकांना आणि सफाईच्या मावशींना. मावशींना दुसऱ्या दिवशी टेरेस धुवायला लावायची असेल तर त्याचे वेगळे पैसे द्यायचे, नाहीतर आपण धुवायचं. आम्ही धुतो, रात्रीच, झाडू घेऊन आठ-दहा जण.

बायकांचा हादगा आणि घरटी खिरापत

नवरात्रातला हादगा हा बिनखर्चाचा आणि सगळ्यात भारी कार्यक्रम, आणि मला वाईट वाटतं की बऱ्याच बिल्डिंगमधनं तो गेलाय. पार्किंगमध्ये पाटावर खडूनं हत्ती काढायचा, फुलं वाहायची, मुली-बायका फेर धरतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड का तिखट, वाटलेलं का तळलेलं, अर्धा अर्धा तास चालतं. रोज एका मजल्याकडं खिरापत द्या म्हणजे पहिल्या सहा दिवसांत सहा मजले होतात, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांनी थोडं थोडं आणायचं. नोकरीवरनं येणाऱ्या बायकांसाठी वेळ साडेसात ठेवा. आमच्यात बाहेरच्या राज्यातली दोन कुटुंबं आहेत, त्या वहिनींनी त्यांच्याकडचं गोड केलं ते कुणालाच ओळखता आलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून त्या फेरात होत्या.

दसऱ्याला सोनं द्यायला प्रत्येकानं प्रत्येकाच्या दारात जायचं, खालून वर किंवा वरून खाली, एका तासात सगळी घरं होतात. संक्रांतीचं हळदी-कुंकू, मंगळागौर, रंगपंचमी हे ज्यांना हौस आहे ते करतातच, त्यात कमिटीनं नाक खुपसू नये. रंगपंचमीला फक्त टाकीच्या पाण्याची वेळ ठरवून द्यायची आणि लिफ्ट दोन तास बंद ठेवायची, नाहीतर महिनाभर लिफ्ट रंगीत.

गणपती बसवायचा असेल तर

दोन-तीन वर्षं कोजागिरी नीट झाल्यावर गणपतीकडं वळा. मूर्ती शाडूची, दीड-दोन फुटाच्या वर नको. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी इथल्या कुंभार गल्ल्यांत दोन महिने आधी जाऊन सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात शाडूची मनासारखी मिळत नाही. मूर्ती लहान ठेवायचं कारण म्हणजे विसर्जन पार्किंगमध्येच मोठ्या ड्रममध्ये करता येतं. निर्माल्य आणि वस्त्रं आधी काढून घ्यायची, मूर्ती पाण्यात रात्रभर राहू द्यायची, आणि विरघळलेली माती बिल्डिंगच्या झाडांना. ज्यांना बाहेरच विसर्जन करायचंय त्यांनी इराणी खणीला जावं, पंचगंगेला किंवा रंकाळ्याला नको, आपलीच नदी आणि आपलाच तलाव.

पाच दिवस धरले तर रोजच्या आरतीची वेळ एकच, संध्याकाळी साडेसात, आणि ती कुणासाठी थांबवायची नाही. रोज एक मजला आरती, प्रसाद, फुलं बघतो, आणि सहाव्या मजल्याकडं विसर्जन. गौरी येतात त्या दिवशी बायकांवर काहीच टाकू नका, त्यांच्या घरात काम असतंय, त्या दिवसाचा प्रसाद पुरुषांनी करायचा. थर्माकोलची सजावट पण बंदीत येते, जुन्या साड्या, पुठ्ठा, झाडाच्या कुंड्या घ्या. आणि मिरवणुकीला साऊंड सिस्टीम लावायचा विषय निघेलच, तेव्हा वहीतली तिसरी गोष्ट आठवा. आमच्यात हार्टचे दोन पेशंट आहेत, एवढं सांगितल्यावर पोरांनी स्वतःच हलगी आणि लेझीम ठरवली, आणि ती बघायला शेजारच्या बिल्डिंगची माणसं आली.

पोरांचा फुटबॉल

कोल्हापुरात राहून पोरांना बॉल खेळू नका म्हणणं मला पटत नाही. शाहू स्टेडियमला सीझन सुरू झाला की आमच्या पार्किंगमध्ये पण एक पाटाकडील आणि एक दिलबहार (तालमींचे फुटबॉल संघ) तयार होतात, आणि गाड्यांच्या आरशांचं काही खरं नाही. पहिली दोन वर्षं यावरनं जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरनं झाली नाहीत, एकदा बॉल जप्त झाला आणि पोरं आठवडाभर जिन्यात रडवेली बसली.

मग तोडगा असा निघाला. संध्याकाळी साडेपाच ते सात गेटकडची पाच गाड्यांची जागा मोकळी ठेवायची, ड्रायव्हर काकांनी ती आखून दिली, त्या वेळात गाडी आली तर ती मागच्या बाजूला लावायची. बॉल हलका, लेदरचा नाही. दुपारी दोन ते चार एक शब्द नाही, ज्येष्ठ झोपतात. आणि पोरांनी स्वतःची पेटी करायची, महिन्याला घरटी वीस रुपये, काच किंवा आरसा फुटला तर त्यातनं भरायचं. पेटीचा हिशेब सातवीतली मुलगी ठेवते आणि तो पण लिफ्टशेजारीच लागतो. या पेटीनं फरक पडला, कारण फुटल्यावर पळून जायचं बंद झालं, पोरं स्वतः दारात येऊन सांगतात, "काका, तुमचा आरसा गेला, किती द्यायचं?" मागच्या वर्षी त्या काकांनी पैसे न घेता उलट पोरांना गोलपोस्टची जाळी आणून दिली.

रस्सा मंडळ

वर्षातनं एकदा रस्सा झालाच पाहिजे, त्याशिवाय कोल्हापूर कसलं. पण हा कार्यक्रम बिघडायला वेळ लागत नाही म्हणून नीट बघा.

तारीख रविवारची, श्रावण, एकादशी, संकष्टी बघून. बिल्डिंगमध्ये जी घरं मांसाहार करत नाहीत त्यांच्याशी आधी जाऊन बोलायचं, तारीख ठरल्यावर कळवायचं नाही. आमच्यात पाच घरं शाकाहारी आहेत, त्यांनी सांगितलं की आमची हरकत नाही पण टेरेसला नको, आमच्या दारावरनं जाऊ नका, आणि भांडी वेगळी. बरोबरच आहे ते. त्यामुळं मटण खाली मागच्या कोपऱ्यात आणि शाकाहारी जेवण वर टेरेसला, त्यांचा अख्खा मसूर, वांगं, भाकरी, आणि गोडाचं एकच, ते सगळ्यांना वरनंच येतं. जेवायला मात्र एकाच वेळी बसायचं, रात्री आठला.

टेरेसवर चूल पेटवू नका, वॉटरप्रूफिंग तडकतं आणि पावसाळ्यात वरच्या मजल्याला गळती लागते. पार्किंगमध्ये पण मीटर बोर्ड आणि गाड्यांपासून लांब, उघड्यावर, आणि बाजूला आग विझवायचा सिलिंडर आणि वाळूची बादली. तो सिलिंडर भरलेला आहे का आणि कसा वापरायचा हे त्या निमित्तानं दहा जणांना शिकवून घ्या.

चाळीस मटण खाणारे असतील तर आठ किलो पुरतं, माणशी पावशेराला थोडं कमी. पण रस्सा माणशी तीन-चार वाट्या धरूनच अळणी (मटण शिजवलेलं पाणी) काढायचा. पांढऱ्याला काजू, खसखस, तीळ वाटून, आणि नारळाचं दूध शेवटी. नारळाचं दूध पडलं की मोठ्या आचेवर उकळी काढायची नाही, रस्सा फुटतो, आच बारीक करून एकसारखं ढवळत राहायचं. तांबड्याचं तिखट प्रत्येक घरातनं दोन-दोन चमचे घरची चटणी गोळा करून घाला. हे आम्ही दुसऱ्या वर्षी केलं आणि त्या रश्श्याला कुठल्याच एका घराची चव नव्हती, सगळ्यांची होती. भाकरी विकत आणा नाहीतर बायका दिवसभर थापत बसतात आणि जेवायला उठतात तेव्हा सगळं गार झालेलं असतं. आणि शिजवणं, वाढणं पुरुषांकडंच ठेवा.

पुराच्या आधीची तयारी

हे कार्यक्रमात येत नाही असं वाटेल, पण माझ्या मते वहीचा खरा उपयोग इथंच झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात घुसलं, हायवे बंद, पाणी उपसा केंद्रं बुडाली म्हणून नळाला पाणी नाही, लाईट नाही. २०१९ ला आम्ही एकमेकांना ओळखायला लागून एकच वर्ष झालं होतं.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. आम्ही ३९ लाच हलतो, ४३ ची वाट बघत नाही. गाड्या उंचावर कुणाच्या ओळखीच्या जागेत लावायच्या ते मे महिन्यातच ठरवून ठेवतो आणि चाव्यांची यादी काकांकडं असतेच. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करायचा, नाहीतर खालच्या खड्ड्यात पाणी गेलं की मोटर-वायरिंगचं काम निघतंय. मीटर रूमकडं पाणी सरकायला लागलं तर स्वतः हात न लावता महावितरणला कळवून सप्लाय बंद करून घ्यायचा. वरची टाकी भरून घ्यायची, प्यायचं पाणी घराघरात साठवायचं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरनं धुतल्याशिवाय ते पाणी वापरायचं नाही.

२०१९ ला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं आणि लाईट गेलेली. घरात त्या एकट्याच, मुलगा पुण्याला, रस्ता बंद. वहीत लिहिलेलं होतं म्हणून नर्स मुलींच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी इन्सुलिन थर्मासमध्ये घालून बांधून दिलं, आणि काकांनी कुठला रस्ता अजून चालू आहे ते ओळखून आजींना आणि औषधाला राजारामपुरीत त्यांच्या भाच्याकडं सोडलं. परत येताना चार घरांचं दूध आणि मेणबत्त्या घेऊन आले.

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही वही परत घरोघरी फिरवतो, कोण नवीन आलं, कुणाची औषधं बदलली, कुणाचा नातेवाईक उंच भागात राहतो. त्या दिवशी खाली सगळ्यांचा चहा आणि कांदाभजी, पाऊस असला तरी.

वही पुढच्याच्या हातात द्यायची

दोन वर्षांच्या वर एका माणसाकडं वही ठेवायची नाही. मी तीन वर्षं ठेवली आणि ती चूक होती, कारण हळूहळू लोक म्हणायला लागले "ते बघतील की". देताना प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान लिहून द्यायचं, किती माणसं आली, किती सामान आणलं, किती उरलं, कुठला दुकानदार वेळेवर देतो, काय चुकलं. उरलेलं नक्की लिहायचं, पुढच्या वर्षीचा अंदाज त्यावरनंच निघतोय.

आता वही पाचव्या मजल्यावरच्या भाडेकरू जोडप्याकडं आहे, येऊन दीडच वर्ष झालंय त्यांना. परवा ते दोघं आमच्या दारात पेन घेऊन उभे होते, जूनची फेरी लावायला, आणि विचारत होते की तुमच्या आईंच्या गोळ्या त्याच आहेत का बदलल्या.